कासव एका बाजूला कलून पोहतंय? आधी त्याची फुप्फुसं तपासून घ्या

कासव शेपटीकडूनही श्वास घेतं असं सांगणारा व्हिडिओ तुमच्या लेकीने पाहिला, त्याचं आधी निकालात काढते. तुमचं कासव नाकानेच श्वास घेतं. त्याला फुप्फुसं आहेत, आपल्यासारखीच दोन, आणि ती बिघडली तर मागच्या बाजूने काही भरपाई होत नाही. त्यामुळे ‘नाक चोंदलं तरी त्याचं चालतं’ हा तुमच्या लेकीचा मुद्दा हुशारीचा असला तरी या कासवाला लागू नाही.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: नाशिकचा फ्लॅट, हॉलमध्ये काचेची टाकी, त्यात तळहाताएवढं रेड इअर्ड स्लायडर जातीचं कासव, दोन वर्षांपूर्वी आणलेलं. आठवडाभर पोहताना उजवी बाजू खाली जाते. नाकाशी बुडबुडे येतात, मधूनच मान वर ताणून तोंड उघडतं, खाणं निम्म्यावर आलंय, गळा सतत हलतो. दुकानदाराने पाण्यात टाकायला पिवळी पावडर दिली आहे. आणि तुमचा मूळ प्रश्न असा, की जो प्राणी तासन्‌तास पाण्याखाली बसतो त्याला दम लागतोच कसा?

मी पुण्यात पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघते. थंडी सुरू झाली की अशी कासवं यायला लागतात, म्हणून ऐकल्या ऐकल्या माझ्या डोक्यात न्यूमोनिया आला. पण नुसतं कलणं म्हणजे न्यूमोनियाच असं नाही, हेही सांगून ठेवते. आतड्यात वायू धरला, टाकीतले रंगीत खडे गिळले, शी अडकली, तरी कासव वाकडं तरंगतं. मोठ्या मादीच्या पोटात अंडी असली तरी पोहण्याचा तोल बिघडू शकतो. तुमच्या कासवाच्या आकारावरून ती शक्यता सोडून देते. या कारणांत नाकाला बुडबुडे सहसा नसतात. तुमच्याकडे कलणं, बुडबुडे, मान ताणणं आणि भूक जाणं ही चारही एकत्र आहेत, शिवाय टाकीत हीटर नाही असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून एक्स-रे न बघताही मी फुप्फुसांकडेच बोट दाखवीन.

असं का, ते कळायला कासवाचा श्वास कसा चालतो ते बघावं लागेल. जरा लांबेल, पण उपचाराचं सगळं तर्कशास्त्र त्यातच आहे.

आपण श्वास घेताना बरगड्या वर-बाहेर होतात, खालचं श्वासपटल खाली सरकतं, छातीचा पोकळ भाग मोठा होतो आणि हवा आत येते. कासवाकडे यातलं काहीच नाही. त्याच्या बरगड्या रुंद होऊन पाठीच्या कवचाचाच भाग झाल्या आहेत. पाठीचा कणाही कवचाला आतून चिकटलेला. कवच म्हणजे अंगावर चढवलेलं चिलखत नव्हे, तो त्याचा सांगाडाच आहे. त्यातून कासव ‘बाहेर’ काढता येत नाही. आपल्यासारखं स्नायूंचं श्वासपटल त्याला नाही. म्हणजे छाती फुगवायची सोयच नाही.

मग हवा आत येते कशी? एका बंद डब्यात फुगा आणि बाकी सामान ठासून भरलंय असं समजा. डब्याच्या भिंती हलत नाहीत. सामान थोडं बाहेरच्या बाजूला सरकवलं तरच फुग्याला जागा होते. सामान आत दाबलं की फुगा चेपतो. कासवाच्या पाठीच्या कवचाला आतून लगटून, अगदी वर, ती दोन फुप्फुसं असतात. त्यांच्याखाली यकृत, जठर, आतडी. मागच्या पायांच्या खोबणीत, चामडीच्या आत, पोटाचे स्नायू पातळ पडद्यासारखे पसरलेले असतात. त्यातला एक आकसला की आतले अवयव वर दाबले जाऊन हवा बाहेर पडते. दुसरा आकसला की पोटाच्या पोकळीला जागा मिळते आणि हवा आत येते. पुढच्या बाजूला खांद्याची हाडं आणि पाय आत-बाहेर करूनही हाच परिणाम साधतो. शांत बसलेल्या कासवाच्या मागच्या पायाजवळची मऊ चामडी नीट बघा. ती हलकेच आत-बाहेर होताना दिसेल. श्वास तिथे मोजायचा, गळ्याशी नाही.

गळ्याचं हलणं बहुतेकांना फसवतं. तोंडाच्या तळाची ती धडधड मुख्यतः वास घेण्यासाठी असते; नाकातून हवा किंवा पाणी आत-बाहेर खेळवून कासव आसपासचा अंदाज घेतं. तेव्हा तुमच्या यादीतला ‘गळा सतत हलतो’ हा मुद्दा मी खोडते, तेवढी काळजी कमी करा. मान लांब करून, तोंड उघडून हवा ओढणं मात्र खोडणार नाही. ऊन खाताना कासव कधी तोंड उघडं ठेवतं, जांभईही देतं, ते चालतं. पाण्यात असताना, पुन्हा पुन्हा, मान आकाशाकडे करून तोंड उघडत असेल तर त्याला हवा कमी पडतेय.

श्वासाचा ठेकाही आपल्याहून वेगळा. आपण अखंड घेतो-सोडतो. कासव वर येऊन पटापट काही श्वास घेतं, मग हवा भरून श्वासनलिकेचं तोंड मिटून घेतं आणि बराच वेळ थांबतं. आपण श्वास सोडून विसावतो, ते भरून विसावतं. त्यात ते थंड रक्ताचं, बसल्या जागी ऑक्सिजन फार कमी लागतो. म्हणून ते तळाशी निवांत दिसतं आणि आपल्याला वाटतं, याला हवा लागतच नाही.

हवा लागते, याचा सगळ्यात वाईट पुरावा आपल्या किनाऱ्यावरच मिळतो. वेळास, आंजर्ल्याला अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं जन्मभर समुद्रात राहतात, तरी ट्रॉलरच्या जाळ्यात पाण्याखाली अडकली तर गुदमरून मरतात. स्वस्थ झोपलेलं कासव बराच वेळ तग धरतं. जाळ्यात झटापट करणाऱ्याचा साठा झपाट्याने संपतो. जाळ्यातून कासवाला निसटायला वाट ठेवणारी टेड नावाची चौकट त्यासाठीच निघाली. तेव्हा ‘पाण्यातला प्राणी बुडतो कसा’ याचं उत्तर सरळ आहे: कासव पाण्यात राहतं, पण श्वास हवेतच घेतं.

आता आजाराकडे. या रचनेत एक मोठी गैरसोय आहे. कासवाला खोकता येत नाही. खोकायला श्वासपटल लागतं, बरगड्यांचा झटका लागतो, दोन्ही नाही. फुप्फुसात चिकट स्राव साचला तर आपण तो खाकरून काढू, कासवात तो तिथेच बसतो. वरून सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ होत नाही. तो घट्ट, पनीरच्या चुऱ्यासारखा होतो, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी काही द्रव्यं नसतात. असा गोळा औषधाने लवकर विरघळत नाही, म्हणून त्यांचे उपचार आठवड्यांच्या हिशेबात चालतात.

आणि कलण्याचं कारणही इथेच सापडतं. फुप्फुसं पाठीशी, दोन्ही बाजूंना असल्यामुळे ती पोहताना तरंगायचं कामही करतात. एका फुप्फुसात स्राव भरला की ती बाजू जड होते आणि खाली जाते. म्हणून मला तुमच्या वर्णनावरून उजवं फुप्फुस संशयास्पद वाटतं. कधी मात्र दुखऱ्या बाजूला हवा अडकून ती बाजू उलट वर उचलली जाते, त्यामुळे नुसतं बघून बाजू ठरवू नये. त्याला एक्स-रेच लागतो, आणि तोही नेहमीच्या पद्धतीचा एक काढून भागत नाही. वरून, बाजूने आणि समोरून असे तीन काढायला सांगा. समोरून काढलेल्यात दोन्ही फुप्फुसं शेजारी शेजारी दिसतात आणि फरक लगेच लक्षात येतो. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात हा तिसरा एक्स-रे न सांगता निघेलच असं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लेकीने पाहिलेला व्हिडिओ खोटा नव्हता, फक्त दुसऱ्या कासवाचा होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये फिट्झरॉय नावाची नदी आहे, तिथल्या एका कासवाच्या शेपटीखालच्या द्वारात (शी, लघवी, अंडी सगळ्याची वाट तीच) दोन पिशव्या असतात. त्यांच्या आत केसांसारख्या बारीक रक्ताळ झालरी. ते तिथून पाणी आत-बाहेर खेळवतं आणि त्यातला ऑक्सिजन शोषतं. अनुकूल परिस्थितीत त्याच्या गरजेचा अर्ध्याहून जास्त ऑक्सिजन असा मिळू शकतो. स्लायडरलाही तशा पिशव्या आहेत, पण ऑक्सिजनच्या कामात त्यांचा उपयोग नगण्य. आपल्या विहिरी-तळ्यांतली मऊ पाठीची कासवं घशाच्या आतल्या अस्तरातून आणि चामडीतून पाण्यातला थोडा ऑक्सिजन घेतात. तीही पुन्हा हवा घ्यायला वर येतातच.

उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल तर गोठलेल्या तळ्याखाली जवळपास शून्य ऑक्सिजनमध्ये अख्खा हिवाळा काढतं. प्रयोगशाळेत ३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती तीन महिन्यांहून जास्त जगली आहेत. तेव्हा शरीरात जे आम्ल साचतं ते कवच पचवतं: कवचातले क्षार रक्तात उतरून आम्ल मारतात आणि काही आम्ल कवच स्वतःत साठवून घेतं. हे वाचून कोणी ‘म्हणजे थंड पाणी कासवाला मानवतं’ असा अर्थ काढला तर घात होईल. ती कासवं ऋतूबरोबर हळूहळू, पोट रिकामं करून, निरोगी अवस्थेत त्या थंडीत उतरतात. घरातलं कासव दुपारी जेवतं, रात्री पाणी १५ अंशांवर येतं, सकाळी पुन्हा वीस. तो ना हिवाळा ना उन्हाळा. अशा अधांतरी थंडीत त्याची प्रतिकारशक्ती बसते आणि जंतूंचं फावतं. निफाड-नाशिकच्या थंडीत हीटरशिवाय ठेवलेली टाकी म्हणजे आजाराला आमंत्रण, हे मी जरा कडकच सांगते.

लेकीला सांगायला थोडं इतर सरपटणाऱ्या मंडळींबद्दल. श्वासपटलाची अडचण सगळ्यांचीच, प्रत्येकाने तोड वेगळी काढली. मगरीचा एक स्नायू कमरेपासून यकृताला जोडलेला असतो. तो आकसला की यकृत मागे ओढलं जातं आणि फुप्फुसांना जागा होते. पाली-सरड्यांना बरगड्या हलवता येतात, पण तेच स्नायू पळताना अंग वळवायला लागतात, म्हणून ते थोडं पळतात, थांबतात, मग श्वास घेतात. घोरपड यातून सुटली आहे: ती पळता पळता गळ्याने हवा आत ढकलते. बहुतेक सापांत उजवं फुप्फुसच कामाचं, डावं नावापुरतं. अजगराला मात्र दोन्ही. आणि साप स्वतःच्या तोंडाएवढं भक्ष्य गिळताना श्वास कसा घेतो? श्वासनलिकेचं तोंड जबड्याच्या तळावरून पुढे, भक्ष्याच्या खालून बाहेर सरकवतो. हे प्रत्यक्ष बघायला मिळालं तर बघावं, मुलं विसरत नाहीत.

आता तुमच्या हॉलकडे. आज संध्याकाळी काय करायचं ते क्रमाने सांगते.

पाण्याची उंची कमी करा, इतकी की तळावर उभं राहून नुसती मान वर केली तर नाक पाण्याबाहेर येईल. खोल पाण्यात आजारी कासवाला प्रत्येक श्वासासाठी पोहावं लागतं. शिवाय पाण्याचा दाब पोट बाहेरून दाबतो, त्यामुळे हवा आत घ्यायला जास्त जोर लागतो. चढउतार असलेली, पूर्ण कोरडी होता येईल अशी बसायची जागा हवीच. फार कलत असेल तर रात्री ओलसर टॉवेल अंथरलेल्या टबात, उबेत ठेवा आणि दिवसातून दोनदा कोमट उथळ पाण्यात सोडा. स्लायडर पाण्यात असतानाच गिळतं, कोरड्यात खाणार नाही.

हीटर आणि थर्मामीटर दोन्ही आणा. आजारपणात पाणी २७-२८ अंशांवर, बसायच्या जागेवर दिव्याखाली ३२ च्या आसपास. ऊब ही इथे लाड म्हणून सांगत नाही. थंड कासवात प्रतिकारशक्ती जवळपास बंद पडते आणि इंजेक्शनचं औषधही नीट पसरत नाही. हीटरला कासव थेट टेकणार नाही अशी जाळी किंवा पाइप लावा, नाहीतर ते चिकटून बसतं आणि भाजतं.

पिवळी पावडर टाकू नका. पाण्यातलं औषध फुप्फुसातल्या गोळ्यापर्यंत पोचत नाही. उलट फिल्टरमधले उपयोगी जंतू मरतात, अमोनिया वाढतो आणि डोळे-नाक आणखी चुरचुरतात. माणसाच्या गोळ्या चुरून देणं, नाकात थेंब घालणं, वाफ म्हणून गरम पाण्याच्या पातेल्यावर धरणं, यातलं काहीही करू नका. कासवाला उताणं करून ठेवणंही नको. आतले सगळे अवयव मग फुप्फुसांवर येतात आणि आधीच दमलेल्याचा दम आणखी कोंडतो. तपासताना आम्हीही क्षणभरच उलटवतो.

मग डॉक्टर, दोन दिवसांच्या आत. नाशिकमध्ये सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य मिळाला तर उत्तम. नसेल तर नेहमीच्या पशुवैद्याने फोनवरून अनुभवी माणसाचा सल्ला घेत उपचार करणं हा वाईट मार्ग नाही. न्यायचं ते पाण्याच्या बादलीत नाही. बिस्किटाच्या खोक्यात ओलसर फडकं, झाकणाला भोकं, गाडीचा एसी बंद. मी अशा वेळी आधी कासवाला टेबलावर शांत सोडते आणि हात न लावता बघते: मागच्या पायाजवळची चामडी किती वेगाने हलते, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो का, दोन्ही नाकपुड्या सारख्या ओल्या आहेत का. मग तोंड उघडून जिभेच्या मुळाशी असलेली श्वासनलिकेची फट बघते. ती गुलाबी आणि स्वच्छ हवी. तिथे पांढरट चिकट दोरा दिसला तर निदान जवळपास झालंच.

इंजेक्शनं बहुधा पुढच्या पायात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांवरून फिरून जातं. सेफ्टाझिडिमसारखं प्रतिजैविक दर तिसऱ्या दिवशी दिलं तरी पुरतं, इतका त्यांचा चयापचय संथ. तेव्हा ‘रोज का देत नाही’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका आणि तीन इंजेक्शनांनंतर कासव जेवायला लागलं म्हणून थांबूही नका. डोस मी इथे लिहीत नाही. तो वजनावर आणि मूत्रपिंडांच्या अवस्थेवर ठरतो.

त्याच भेटीत खाण्याबद्दल बोला. सुक्या झिंग्यांचा डबा हे मला अशा कासवांच्या आजारामागचं अर्धं कारण वाटतं. नुसत्या झिंग्यांवर अ जीवनसत्त्व कमी पडतं, मग डोळ्यांच्या पापण्या सुजतात आणि श्वासमार्गाचं अस्तर जाड, कोरडं होऊन जंतूंना जागा देतं. चांगले पेलेट (कासवांचं गोळीखाद्य), गाजर, हिरव्या पालेभाज्या, अधूनमधून अख्खा छोटा मासा, आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा किंवा थेट ऊन (खिडकीच्या काचेआडून आलेलं ऊन त्यासाठी बाद) एवढं सुरू करा. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मात्र मनाने मागून घेऊ नका. जास्त झालं तर चामडी सोलवटते.

बरं होईल का? वेळ फक्त आठवड्याची गेलीय आणि ते अजून निम्मं का होईना खातंय, या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. खाणं पूर्ण बंद पडलेलं, मान टाकलेलं कासव असतं तर इतक्या आशेने लिहिलं नसतं. कलणं मात्र सगळ्यात शेवटी जातं. भूक आली, बुडबुडे थांबले तरी महिनाभर ते जरा वाकडंच पोहेल. काहींचं फुप्फुस कायमचं आखडतं आणि थोडा कल राहून जातो, तरी ती व्यवस्थित जगतात.

राहिला तुमचा शेवटचा, संकोचून विचारलेला प्रश्न: नाहीच जमलं तर गोदावरीत सोडू का? नको. स्लायडर अमेरिकेचं आहे. आपल्या तळ्यांत ते तगतं, वाढतं आणि इथल्या कासवांच्या खाण्यावर, ऊन खायच्या जागांवर हक्क सांगतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आजारी सोडलं तर ते रोगही घेऊन जाईल. त्याच्या बदल्यात देशी कासव आणायचा विचारही नको, ती वन्यजीव कायद्याखाली येतात आणि घरी ठेवणं गुन्हा आहे. सांभाळणं अशक्य झालं तर तुमच्या भागातल्या प्राणी बचाव संस्थेला किंवा वनखात्याला विचारा.

लेकीला कासव हाताळायला बंदी घालू नका, फक्त नंतर साबणाने हात धुवायला लावा आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ साली बंदी आली ती याच जंतूमुळे. एक्स-रे निघाले की तिन्हींचे फोटो आणि पाण्याचं सकाळ-रात्रीचं तापमान इथेच टाका, मग पुढचं बघू.